स्ट्रेटनर परत परत 'जातो'? नवीन निवडायच्या आधी या क्रमाने तपासा

ओळखीत कोणाचाही स्ट्रेटनर बंद पडला की तो फिरून माझ्याकडे येतो. होस्टेलमध्ये एकदा रूममेटचा चालू करून दिला होता तेव्हापासून हे मागे लागलंय, आता बहीण, वहिनी, ऑफिसातल्या दोघीतिघी, आणि प्रत्येकीचं वाक्य तेच, "हा गेलाय गं, नवीन कुठला घेऊ ते सांग." मी म्हणते थांब, आधी हा का गेला ते बघू. वहिनीने लागोपाठ तीन स्ट्रेटनर घेतले आणि तिन्ही एकाच जागी गेले, मुठीच्या मागे जिथे वायर आत शिरते तिथे. कंपन्या तिन्ही वेगळ्या. मग चौथा कितीही भारी घेतला असता तरी तोही तिथेच गेला असता ना, कारण काम झालं की ती वायर मुठीभोवती करकचून गुंडाळायची आणि ड्रॉवरमध्ये कोंबायची, तीही स्ट्रेटनर गरम असतानाच.

तर सांगायचं एवढंच की जुना कशाने गेला हे कळल्याशिवाय नवीन निवडू नका. खालच्या तपासण्या फुकटच्या आणि सोप्यापासून सुरू होतात आणि अवघड होत जातात, आणि ज्या तपासणीतून पुढच्या खरेदीसाठी काही कळतं ते मी तिथल्या तिथेच लिहिलंय.

आधी लक्षण ठरवा

- लाइटच लागत नाही, पूर्ण मेलेला
- लाइट लागतो पण प्लेट थंड किंवा नुसती कोमट
- एक प्लेट तापते, दुसरी नाही
- वायर हलली की चालू-बंद होतो, किंवा एका ठराविक कोनात धरला तरच चालतो
- मध्येच आपोआप बंद पडतो
- तापतो व्यवस्थित, पण केस सरळ होत नाहीत, किंवा होतात आणि तासाभरात परत फुगतात
- केस ओढले जातात, अडकतात
- जळका वास, धूर, आतून चटचट आवाज

वासाचं आधीच सांगते कारण त्यात दोन प्रकार आहेत. केस करपल्यासारखा किंवा सिरम जळल्यासारखा वास असेल तर ते बहुतेक प्लेटवर साचलेल्या थराचं किंवा जास्त तापमानाचं असतं, ते पुढे येईलच. पण वास प्लॅस्टिकचा किंवा वायर जळल्याचा असेल, मुठीतून धूर येत असेल, चटचट ऐकू येत असेल तर पुढचं काही वाचू नका, सॉकेटचं बटण बंद करा, मग प्लग काढा, आणि तो परत लावून "एकदा बघू तरी" असं करू नका. मी केलंय, सॉकेटवर काळा डाग पडला.

अजून एक गोष्ट. बहुतेक स्ट्रेटनरचा प्लग दोन पिनांचा असतो, अर्थिंगची तिसरी पिन नसते. मागच्या लेबलवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असतं, त्याचा अर्थ आत डबल इन्सुलेशन आहे म्हणून अर्थिंग लागत नाही. म्हणजे तुमच्या आणि करंटच्या मध्ये फक्त ते प्लॅस्टिक आहे. ते तडकलेलं असेल, फुटलेलं असेल, चिकटपट्टी लावून धरलेलं असेल तर तो स्ट्रेटनर चालत असला तरी गेलेलाच समजा. आणि कुठलीही तपासणी करताना हात कोरडे, जागा कोरडी, बाथरूममध्ये तर नाहीच.

१. सॉकेट आणि एक्स्टेंशन

हसू नका. माझ्याकडे आलेल्या "मेलेल्या" स्ट्रेटनरपैकी कितीतरी माझ्या घरी प्लग लावल्या लावल्या चालू झालेत. त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघा, टेबललॅम्प किंवा ड्रायर, आणि स्ट्रेटनर दुसऱ्या खोलीतल्या भिंतीवरच्या सॉकेटला थेट लावून बघा, एक्स्टेंशन मध्ये न आणता. पिना सॉकेटमध्ये हलत असतील, प्लग आपल्याच वजनाने बाहेर येत असेल तर दोष सॉकेटचा आहे. सैल जोडाला ठिणग्या पडतात आणि तिथेच उष्णता साचते, म्हणून वापरल्यानंतर (आधी बटण बंद करून) प्लगच्या पिनांजवळ हात नेऊन बघा, प्लग चांगलाच गरम लागत असेल किंवा पिना काळ्या पडल्या असतील तर सॉकेट बदलायला इलेक्ट्रिशियन बोलवा. स्ट्रेटनर बदलून ते जाणार नाही.

स्ट्रेटनर दुसऱ्या देशातून आणलेला असेल तर लेबल वाचा. १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर कुठेही चालतो. नुसतं ११० किंवा १२० असेल आणि तुमच्याकडे २३० चा सप्लाय असेल तर त्याच्यावर जवळपास दुप्पट व्होल्टेज जातंय, तो पहिल्याच दिवशी जळतो. उलट केलं, म्हणजे २३० चा स्ट्रेटनर १२० वर लावला, तर नुसता कोमट होतो. आणि ट्रॅव्हल अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. खूप जणींचा यात घोळ होतो. प्रवास करणार असाल तर नवीन घेताना पहिली गोष्ट हीच बघा, रंग नंतर.

२. बटणं, लॉक आणि ते फॅरेनहाइट प्रकरण

फुकटातली दुसरी तपासणी. बऱ्याच मॉडेलमध्ये चालू करायचं बटण एक-दोन सेकंद दाबून धरावं लागतं, नुसतं टिचकी मारून चालत नाही. काहींमध्ये तापमानाला लॉक असतं म्हणजे केस ओढताना चुकून बोट लागलं तरी आकडा बदलू नये, ते लॉक लागलेलं असलं की बटणं दाबून काही होत नाही आणि माणूस म्हणतो बटणं गेली. आणि मध्येच बंद पडतो म्हणून आलेल्यांमध्ये निम्मं तरी ऑटो ऑफ असतं. ठराविक वेळ झाली की, बऱ्याच मॉडेलमध्ये तासाभराने, तो स्वतःच बंद होतो. दाट लांब केस एकटीने करायला बसलं की तेवढा वेळ सहज जातो. घड्याळ लावून बघा, दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी बंद होत असेल तर तो बिघाड नाहीच. वेगवेगळ्या वेळी बंद होत असेल तर मात्र पुढे वायरच्या तपासणीवर जा.

आता फॅरेनहाइट. आकडा दाखवणाऱ्या स्ट्रेटनरमध्ये सेल्सिअस-फॅरेनहाइट बदलता येतं, बहुतेक वेळा दोन बटणं एकदम दाबून धरली की बदलतं, आणि पर्समध्ये किंवा ड्रॉवरमध्ये, नाहीतर लहान मुलाच्या हातात, ते आपोआप बदललेलं असतं. मग तुम्ही २०० लावता आणि केस ढिम्म हलत नाहीत, कारण २०० फॅरेनहाइट म्हणजे फक्त ९३ अंश सेल्सिअस. १८० सेल्सिअस म्हणजे ३५६ फॅरेनहाइट हे एवढं लक्षात ठेवा. आकड्यापुढे C आहे की F ते बघा, बहिणीचा स्ट्रेटनर दोन महिने याच एका अक्षरापायी "खराब" होता आणि ती मला म्हणत होती की स्वस्तातला घेतला म्हणून असं झालं.

३. केसांकडे बघा, स्ट्रेटनरकडे नाही

तापतो पण सरळ करत नाही, किंवा टिकत नाही, हे लक्षण सगळ्यात जास्त येतं आणि त्यात मशीनचा दोष सगळ्यात कमी वेळा असतो. यावर जरा थांबून बोलते.

केस केराटिनचे असतात आणि त्यांचा तात्पुरता आकार हायड्रोजन बंधांमुळे टिकतो. हे बंध पाण्याने सुटतात, उष्णतेनेही सुटतात, आणि केस कोरडा होऊन थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात परत बांधले जातात. म्हणजे बट सरळ "बसते" ती थंड होताना. प्लेटमधून काढल्या काढल्या गरम बट कानामागे टाकली, क्लिप लावली, बोटं फिरवली की तोच वाकडेपणा त्यात बसतो आणि मग स्ट्रेटनरला शिव्या. अर्धा मिनिट सोडा तिला लोंबकळत. (कायमचे सरळ करणारी केमिकल ट्रीटमेंट वेगळ्या, डायसल्फाइड नावाच्या बंधांवर काम करते, ते काम स्ट्रेटनरचं नाही. म्हणून "याने कायमचे सरळ होतात का" याचं उत्तर कुठल्याही स्ट्रेटनरच्या बाबतीत नाही असंच आहे.)

हवेत दमटपणा असेल तर केस ती वाफ शोषतात, बंध परत सुटतात आणि केस मूळ वळणावर जातात. इथे महागडा स्ट्रेटनरही काही करू शकत नाही, सिलिकॉन असलेलं सिरम वेग थोडा कमी करतं एवढंच. त्यामुळे दमट दिवसात टिकत नाही आणि कोरड्या दिवसात टिकतं असं असेल तर नवीन घेऊन काही उपयोग नाही.

मग ओले केस. बट प्लेटमध्ये घातली आणि चर्र झालं, वाफ आली, की थांबा. ते "सेट होतंय" नाही, केसाच्या आतल्या पाण्याची वाफ होतेय, तिला बाहेर पडायला जागा नसते आणि केसाच्या आत बुडबुडे तयार होतात, मग तो केस तिथूनच तुटतो. सुक्या केसाला जे तापमान सोसतं ते ओल्याला सोसत नाही, ओल्यात नुकसान कितीतरी खालच्या तापमानाला सुरू होतं. हीट प्रोटेक्टंटचा स्प्रे मारल्यावर तोही सुकू द्या, लगेच प्लेट लावली तर तेच चर्र. वाफ बाहेर जायला खाचा असलेले ओल्या केसांवर चालणारे स्ट्रेटनर मिळतात, पण मला विचाराल तर आधी ड्रायरने सुकवणं बरं.

बट किती जाड घेता तेही बघा. प्लेटच्या रुंदीपेक्षा रुंद नको, आणि आरपार थोडं दिसेल इतकी पातळ हवी. जाड बटेत बाहेरचे केस करपतात आणि मधल्यांना ऊब पण पोचत नाही, मग आपण तीच बट पाच वेळा ओढतो. आणि यात हीटरचाही प्रश्न येतो. साध्या स्ट्रेटनरमध्ये पीटीसी जातीचा सिरॅमिक हीटर असतो, तो तापत गेला की त्याचा रोध वाढतो आणि करंट आपोआप कमी होतो, म्हणून तो हाताबाहेर तापत नाही, ही चांगली गोष्ट. पण जाड थंड बट घातली की प्लेट थंडावते आणि परत तापायला वेळ घेते. बारीक बटेत नीट काम करतो पण दाट केसांच्या मागच्या बाजूला पोचेपर्यंत दमतो असं वाटत असेल तर ते हेच. दाट केसवाल्यांनी पुढच्या वेळी सेन्सर असलेला, झटकन परत तापणारा हीटर बघावा, जाहिरातीत त्याला बरेचदा एमसीएच म्हणतात. पातळ केसवाल्यांना त्याची गरज नाही.

तापमान: पातळ, ब्लीच केलेले किंवा रंगवलेले केस १५० किंवा त्याखालीच, मध्यम केस १६० ते १८०, जाड राठ केस १८० ते २००. त्याच्या वर मी कोणालाच जायला सांगत नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात "२३० अंश" लिहिलेलं असतं ते मला गुणापेक्षा धोका जास्त वाटतं. एका हळू, न थांबता ओढलेल्या फेरीत काम होत नसेल तर दहा अंश वाढवा, फेऱ्या वाढवू नका. आणि ज्या स्ट्रेटनरला नुसतं चालू-बंद आहे, आकडा नाही, तो कुठल्या तापमानाला आहे हे तुम्हाला कळणारच नाही, पातळ केस असतील तर असा घेऊच नका, एवढा एक आग्रह.

केस धुतल्यावर कंडिशनर नीट निघालंय ना, तेल राहिलंय का, तेही बघा. आणि तुम्ही नुकतीच स्मूदनिंग केली असेल आणि स्ट्रेटनर फिरवताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला, तर ताबडतोब थांबून खिडक्या उघडा, कारण अशा काही प्रॉडक्टमधून तापल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू निघतो.

४. प्लेट साफ करा

एक ओलसर कापड, एवढाच खर्च. सिरम, स्प्रे, कंडिशनर सगळं प्लेटवर करपून तपकिरी, चिकट थर बसतो. त्यामुळे तीन गोष्टी होतात: उष्णता केसापर्यंत सारखी पोचत नाही, केस त्या थराला चिकटून ओढले जातात, आणि दर वेळी तो थर परत जळून वास येतो. केस ओढले जातात म्हणून माझ्याकडे आलेल्यांत अर्ध्याहून जास्त इथेच सुटतात.

प्लग काढा, पूर्ण गार होऊ द्या. मऊ कापड पाण्याने ओलसर करून, पिळून, पुसा. नाही निघालं तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल (नेलपॉलिश रिमूव्हर नाही, त्यातलं अ‍ॅसिटोन प्लॅस्टिक खातं). गार असतानाच करायचं हे परत सांगते कारण अल्कोहोल पेट घेतं. आणि ते उडून गेल्यावर, प्लेट पूर्ण सुकल्यावरच प्लग लावायचा. चाकू, तारेची घासणी, पॉलिश पेपर काही लावायचं नाही. प्लेट बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनिअमची असते आणि वर सिरॅमिक किंवा टायटॅनिअमचं पातळ कोटिंग असतं, ते एकदा खरवडलं की परत बसवता येत नाही.

साफ केल्यावर बोटाचं नख न लावता, बोटाच्या पेराने कडेवरून हात फिरवा. कुठे टवका उडालाय, खरखरीत लागतंय, खालचा धातू दिसतोय? मग केस त्यातच अडकणार. याला दुरुस्ती नाही, रिपेअरवाल्याकडेही नाही. नवीन घ्या, आणि घेताना प्लेटच्या कडा गोलसर आहेत ना ते बघा. कोटिंगबद्दल माझं मत: पातळ केसांना सिरॅमिक बरं, जाड केसांना टायटॅनिअम चालतं, ते लवकर तापतं पण जरा रेंगाळलात तर माफ करत नाही. टुर्मलीन म्हणजे एक खनिज कुटून कोटिंगमध्ये मिसळलेलं असतं, त्या एका शब्दासाठी मी कधी निवड बदललेली नाही.

५. कागदाची तपासणी

आता प्लेट एकमेकींवर सारख्या टेकतात का. स्ट्रेटनर गार, प्लग काढलेला. साध्या कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, प्लेटच्या टोकाशी ठेवून नेहमीच्या जोराने मिटा आणि पट्टी ओढा. मग मध्ये, मग बिजागरीजवळ. तिन्हीकडे सारखी घट्ट लागली पाहिजे. एका जागी सळकन निघून आली तर तिथे फट आहे, तिथले केस तापत नाहीत आणि तुम्हाला वाटतं स्ट्रेटनर कमजोर झाला. मिटलेल्या प्लेट उजेडासमोर धरल्या तरी फट दिसते.

मग प्लेट अंगठ्याने दाबा. चांगल्या मॉडेलमध्ये ती किंचित आत जाऊन परत येते, खाली स्प्रिंग किंवा रबर असतं, फ्लोटिंग प्लेट म्हणतात ते हेच. दाबल्यावर अडकून राहत असेल तर कडेच्या खाचेत सिरमचा चिकटा आणि केस गेलेत, जुन्या कोरड्या टूथब्रशने काढा, बऱ्याचदा एवढ्याने जागेवर येते. पडल्यामुळे बिजागरीच वाकडी झाली असेल तर हाताने पिळून सरळ करायचा प्रयत्न करू नका, तिथून आत वायर जाते.

दुकानात निवडतानाही हीच तपासणी करता येते, बॉक्स उघडायला सांगा, पट्टी लावा, प्लेट दाबा. विकणारा विचित्र बघतो, बघू दे.

(इन्फ्रारेड थर्मामीटर गनने प्लेट मोजून "१८० लावलं पण १२० च दाखवतंय" असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. चकचकीत धातूवर ती गन खूप कमी आकडा दाखवते, हा तिच्या मोजण्याच्या पद्धतीचा दोष आहे.)

६. वायर

इथून पुढे जरा जपून. सगळ्यात जास्त मरतो तो स्ट्रेटनरचा हाच भाग.

आधी प्लग काढून नुसतं बघा आणि चाचपा. मुठीच्या मागे, मग प्लगच्या मानेजवळ. पिळवटलेली आहे, वेटोळं कायमचं बसलंय, एका जागी बिलबिलीत लागते, वरचं रबर चिरलंय, आतली रंगीत वायर दिसतेय? यातलं काहीही असेल तर चालू करून बघायची गरजच नाही, निदान झालं.

वरून सगळं ठीक दिसत असेल तरच प्लग लावा, चालू करा, टेबलावर ठेवा, एका कोरड्या हाताने वायर मुठीजवळ हलकेच इकडे-तिकडे वाकवा, डोळे लाइटवर. मग मध्ये, मग प्लगजवळ. जिथे वाकवल्यावर लाइट लुकलुकला तिथेच आतून तुटलीय. लगेच बटण बंद, प्लग बाहेर, आणि त्यानंतर "असा धरला की चालतो" म्हणत वापरायचा नाही.

का ते सांगते. वायरच्या आत तांब्याच्या केसाएवढ्या बारीक तारा असतात, रोज एकाच जागी वाकवलं की एकेक तुटत जाते. उरलेल्या दोनचार तारांतून सगळा करंट जातो, तेवढी जागा तापते, तुटलेल्या टोकांमध्ये ठिणगी पडते, आणि वरचं प्लॅस्टिक वितळायला लागतं. आणि ही जागा नेमकी तुमच्या मुठीत असते. वरून इन्सुलेशन टेप गुंडाळला की ठिणगी थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते. वायरचं मुठीकडचं टोक गोल फिरणारं असेल तर त्या फिरत्या सांध्यातले आतले संपर्कही झिजतात, लक्षण अगदी हेच.

वायर बदलता येते, पण पूर्ण बदलायची, मध्ये तोडून जोड द्यायचा नाही, आणि ते काम टेक्निशियनचं.

खरेदीसाठी यातून काय? वायर यानेच गेली असेल तर नवीन घेताना पूर्ण गोल फिरणारं टोक हवंच, मुठीतून बाहेर पडते तिथे लांबसा लवचीक रबरी गळा हवा, आणि लांबी तुमचा आरसा आणि सॉकेट यांच्यातलं अंतर मोजून ठरवा. अडीच ते तीन मीटरची बरी पडते. आखूड वायर ताणून वापरली की तीच मुठीजवळ तुटते. आणि ठेवताना गार झाल्यावर मोठं सैल वेटोळं करून बाजूला ठेवा. मुठीभोवती नाही. नवीन स्ट्रेटनर घेऊन जुनीच सवय ठेवणार असाल तर पैसे वाचवा.

७. आत

लाइट लागतो, वायर चांगली आहे आणि तरीही एक प्लेट थंड, किंवा दोन्ही. मी इथे काय असतं ते सांगते म्हणजे रिपेअरवाल्याशी बोलताना कळेल, उघडा असं सांगत नाहीये.

एकच प्लेट थंड असेल तर पहिला संशय बिजागरीवर. वायर एकाच बाजूच्या मुठीत येते, दुसऱ्या प्लेटला करंट बिजागरीतून जाणाऱ्या बारीक तारांनी पोचतो, आणि तुम्ही स्ट्रेटनर जितक्या वेळा उघड-मीट करता तितक्या वेळा त्या वाकतात. नाहीतर त्या बाजूचा हीटर तडकलेला असतो, तो सिरॅमिकचा असतो, फरशीवर पडला की जातो. दोन्ही थंड असतील तर थर्मल फ्यूज बघतात. हा फ्यूज एकदाच उडतो, जास्त तापलं की कायमचा तुटतो, आणि तो उडाला म्हणजे आधी काहीतरी जास्त तापलं होतं. नुसता फ्यूज बदलून किंवा त्याच्या जागी तारेचा तुकडा टाकून देणारे लोक असतात, असं कोणी करून देत असेल तर स्ट्रेटनर परत घ्या आणि निघा. पुढच्या वेळी थांबवणारं काहीच उरलेलं नसतं.

मल्टिमीटर वापरता येत असेल, अशी उपकरणं आधी उघडलेली असतील, तर प्लग काढून प्लगच्या प्रत्येक पिनपासून सर्किटपर्यंत वायर बीप देते का, वायर हलवताना बीप तुटते का, एवढं बघता येतं. त्याच्या पुढे मीही जात नाही. मुठीतल्या प्लेटजवळच्या तारांवर उष्णता सहन करणारं सिलिकॉन किंवा काचतंतूचं आवरण असतं, घरात पडलेल्या साध्या पीव्हीसी वायरचं प्लॅस्टिक ७० ते १०५ अंशांपर्यंतच टिकतं. आणि साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे हीटरजवळ घरी सोल्डर केलेला जोड तुम्ही केस करत असतानाच सुटू शकतो, म्हणूनच कंपनी तिथे जोड दाबून बसवते. माझा एक असाच सुटला होता, नशिबाने टेबलावर असताना.

कधी थांबायचं

जळका प्लॅस्टिकचा वास, मुठीतून धूर, ठिणगी, हाताला जरासाही झिणझिण्या आल्या, मूठ धरवत नाही इतकी तापली, पाण्यात पडला (चालत असला तरी, सुकवून वापरू नका), स्ट्रेटनर लावला की घरातला एमसीबी पडतो, वायर कुठेही उघडी. यातलं एकही झालं की घरच्या तपासण्या संपल्या. वॉरंटी असेल तर स्क्रूलाही हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला द्या. वॉरंटी संपलेली असेल तर घरगुती उपकरणांच्या टेक्निशियनला लक्षण नेमकं सांगा, "चालत नाही" असं नाही तर "मुठीजवळ वाकवलं की लाइट जातो" किंवा "बिजागरीपलीकडची प्लेट थंड आहे", त्याचा वेळ वाचतो आणि तुम्हाला नको ते बदलून मिळत नाही. वायर बदलणं परवडतं. हीटर किंवा सर्किट गेलं असेल तर साध्या मॉडेलवर खर्च करू नका. काही स्ट्रेटनरचं कव्हर चिकटवूनच बंद केलेलं असतं, स्क्रू नसतातच, तेही सोडून द्या.

नवीन घ्यायचाच असेल तर उरलेलं

बाकी बरंचसं वर येऊन गेलंय. रुंदी राहिली. साधारण २५ मिलिमीटरची प्लेट बहुतेकींना पुरते आणि तिने वळणंही देता येतात. लांब दाट केस असतील तर ४० ते ५० ची घ्या, पण ती मुळांपर्यंत आणि कपाळावरच्या केसांपर्यंत पोचत नाही, चटका बसतो. आखूड केस किंवा फक्त फ्रिंज असेल तर १५ ते २०. ऑटो ऑफ असलेलाच घ्या, घराबाहेर पडल्यावर "बंद केला का गं मी" हे ज्यांना आठवतं त्यांना कारण सांगायला नको. बॅटरीवर चालणारे बिनवायरचे स्ट्रेटनर पुढच्या दोन बटा नीट करण्यापुरते ठीक, पूर्ण डोक्यासाठी नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी कागदाची पट्टी लावा, दोन्ही प्लेट तापतात का ते तळहात लांबून धरून बघा, अर्धा तास चालू ठेवून मूठ किती तापते ते बघा, आणि आकड्यापुढे C आहे की F.